शॉर्ट-स्केल बेसची ई तार पुन्हा पुन्हा का खडखडते, आणि दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी

सांगली, मिरज आणि कुपवाड या पट्ट्यातून माझ्याकडे सेटअपसाठी येणाऱ्या शॉर्ट-स्केल, म्हणजे आखूड तारेच्या, बेस गिटारींची तक्रार जवळजवळ एकाच शब्दांत सांगितली जाते. बाकीच्या तीन तारा छान वाजतात, पण सर्वांत जाड ई तार सैल लागते, पहिल्या पाच फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडते आणि बाराव्या फ्रेटवर बेसूर होते. ब्रिजवर, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथे, तार उंच केली की आठ-पंधरा दिवस बरे वाटते आणि मग तक्रार परत येते. ट्रस रॉड (नेकच्या, म्हणजे मानेच्या, आतला तिचा वाक बदलणारा धातूचा दांडा) फिरवला की एखादा पावसाळा निघतो, पुढे पुन्हा तेच. या फेऱ्याला कंटाळून अनेक जण बेस विकून टाकतात आणि दोष शॉर्ट-स्केलच्या माथी मारतात. माझे स्पष्ट मत असे आहे की बहुतेक वेळा दोष वाद्यात नसतो. तो तारांच्या निवडीत आणि दुरुस्तीच्या उलट्या क्रमात असतो. आधी तार, मग नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी), त्यानंतर नेक, मग ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) आणि सर्वांत शेवटी इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर खरा लागणे), असा क्रम पाळला तर ऋतुमानानुसार वर्षातून एक-दोनदा करावा लागणारा किरकोळ बदल सोडून या तक्रारीला परत येण्याचे फारसे कारण उरत नाही.

ताण नेमका किती कमी होतो

नटपासून ब्रिजवरील सॅडलपर्यंत (तार टेकवणाऱ्या सरकत्या तुकड्यापर्यंत) तारेची जी मोकळी लांबी कंप पावते, तिला स्केल म्हणतात. फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा ही लांबी ३४ इंच ठेवली, आणि लाँग-स्केल म्हटले की आजही तीच गृहीत धरली जाते. शॉर्ट-स्केल म्हणजे साधारण ३० इंच. १९५६ मध्ये आलेला आणि पुढे पॉल मॅकार्टनीच्या हातात जगभर ओळखीचा झालेला हॉफनर ५००/१, १९६६ चा फेंडर मस्टँग बेस आणि गिब्सनचा साडेतीस इंची ईबी-३ ही या घराण्यातली जुनी नावे आहेत. आयबानेझचा मिक्रो त्याहूनही लहान, म्हणजे २८.६ इंचांचा आहे.

या चार इंचांचा हाताला होणारा फायदा मोठा आहे. ३४ इंची बेसवर नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर सुमारे १७८ मिलिमीटर भरते, तर ३० इंची बेसवर ते १५७ मिलिमीटर असते. चार बोटे चार फ्रेटवर ठेवताना वाचलेले हे दोन सेंटिमीटर लहान हातांच्या वादकाला, नववी-दहावीतल्या विद्यार्थ्याला किंवा मनगट दुखत असलेल्या प्रौढ वादकाला वाजवत राहण्याचे बळ देतात.

मात्र या सोयीची किंमत तार मोजते. तार तीच आणि सूर तोच ठेवला, तर तिचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ३४ इंची बेसवर एखाद्या तारेचा ताण १०० मानला, तर तीच तार त्याच सुरात ३२ इंची बेसवर सुमारे ८९, ३० इंची बेसवर ७८ आणि २८.६ इंची मिक्रोवर ७१ एवढाच ताण धरते. ताण कमी झालेली तार त्याच जोराने छेडल्यावर जास्त रुंद डोलते आणि फ्रेटवर आपटते. सर्वच तारांचा ताण या प्रमाणात घटतो, पण ई तार सर्वांत जाड आणि सर्वांत मंद, म्हणजे सेकंदाला सुमारे ४१ कंपनांची असल्यामुळे तिचे डोलणे सर्वांत रुंद असते आणि फरक तिथेच आधी जाणवतो. म्हणून तक्रार नेहमी तिच्यापासून सुरू होते.

तारांचा संच

आपल्याकडच्या दुकानांत बेसच्या तारा मिळतात, पण त्या बहुधा लाँग-स्केलच्या असतात. शॉर्ट-स्केलचा संच पुण्या-मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवावा लागतो, आणि तेवढा धीर नसल्यामुळे लाँग-स्केलची तार कापून बसवण्याचा मार्ग सर्रास वापरला जातो. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीचे मूळ मला सर्वाधिक वेळा इथेच सापडले आहे.

असे का होते ते तार हातात धरून पाहिले की कळते. बेसच्या ई तारेत मधोमध पोलादी गाभा असतो आणि त्यावर एकावर एक वेटोळ्यांचे थर असतात. खुंटीकडच्या टोकाला कंपनी हे थर कमी करून तार निमुळती करते आणि तिथे रेशमी धागा गुंडाळते, म्हणजे खुंटीवर फक्त बारीक भाग वळतो. लाँग-स्केलची तार ३० इंची बेसवर लावली की हा निमुळता भाग खुंटीच्या पलीकडे जातो आणि पूर्ण जाडीची ताठ तार खुंटीभोवती वळवावी लागते. ती नीट वळत नाही, नटवरून खाली जाताना तिचा कोन सुटतो, आणि नटच्या खाचेत ती घट्ट बसण्याऐवजी वर तरंगते. त्यातच तार न वाकवता सरळ कापली असेल, तर वेटोळी गाभ्यावरून सैल होतात. अशी तार ट्युनरवर सुरात दिसते, तरी तिचा आवाज मेलेला असतो. काही कारणाने तार कापावीच लागली, तर कापायच्या जागेच्या थोडी अलीकडे ती पक्कडीने काटकोनात वाकवून मगच कापावी. त्या वाकणीमुळे वेटोळी गाभ्याला धरून राहतात.

संच मागवण्यापूर्वी तारेच्या गोळीपासून, म्हणजे ब्रिजमध्ये अडकणाऱ्या टोकापासून, नटपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. काही बेसमध्ये तार ब्रिजच्या मागून न जाता बॉडीच्या पाठीमागून आरपार येते आणि हॉफनरसारख्या बेसमध्ये ती ब्रिजच्या बऱ्याच मागे असलेल्या टेलपीसमध्ये अडकते. अशा बेसला केवळ ‘शॉर्ट’ असे छापलेला संच अपुरा पडू शकतो. नट ओलांडल्यावर लगेच रेशमी धागा सुरू व्हावा आणि खुंटीवर दोन ते तीन वेढे वरून खाली पडावेत, ही योग्य लांबीची खूण आहे. धागा नटच्या आत, फ्रेटबोर्डवर येत असेल तर तार आखूड आहे आणि ती परत करावी.

जाडीबद्दल माझा आग्रह थोडा वेगळा आहे. ताण ७८ वर आला असेल तर जाड तार लावून तो भरून काढावा, असे सहज सुचते, आणि हिशेबाने ते बरोबरही आहे. परंतु पूर्ण भरपाई करायची म्हटली, तर १०५ ची ई तार जवळजवळ ११९ ची करावी लागते (हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात), आणि एवढी जाड तार ३० इंचांवर दांडक्यासारखी ताठ वागते. तिचे वरचे स्वरांश मूळ सुराशी जुळत नाहीत, आवाज बसका होतो, आणि इंटोनेशनसाठी सॅडल मागे नेण्याची जागा संपते. त्यामुळे राउंडवाउंड, म्हणजे वरून गोल तार गुंडाळलेल्या, तारांमध्ये १०० किंवा १०५ इथेच थांबावे. डॅडारिओ या कंपनीचे ईएक्सएल १७०एस आणि ईएक्सएल १६०एस हे शॉर्ट-स्केलचे संच अनुक्रमे या मापांचे आहेत.

तरीही तार सैल वाटत असेल, तर जाडी न वाढवता प्रकार बदलावा. फ्लॅटवाउंड तारेवर गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेली असते. तेवढ्याच जाडीत धातू जास्त मावत असल्यामुळे बहुतेक कंपन्यांच्या फ्लॅटवाउंड तारा वजनदार असतात आणि त्याच सुरात अधिक ताण धरतात. शिवाय त्यांचा वरचा चरचरीत आवाज मुळातच कमी असल्याने थोडीफार बझ, म्हणजे खडखड, झाली तरी ती ॲम्प्लिफायरमधून ऐकू येत नाही. भावगीते, नाट्यगीते, भजने किंवा जुनी चित्रपटगीते वाजवणाऱ्याने शॉर्ट-स्केलवर फ्लॅटवाउंड लावून पाहावी, असे मी आग्रहाने सांगतो. त्या तारांचा गोल, भरीव आणि लवकर विरणारा स्वर तबला-ढोलकीला जागा ठेवतो, आणि हे सुख ३४ इंची बेसवर तितक्या सहज मिळत नाही. झटका देऊन वाजवण्याची स्लॅप शैली ज्याला हवी आहे, त्याने मात्र राउंडवाउंडच ठेवाव्यात.

गायकाच्या पट्टीसाठी तार उतरवणे

आपल्याकडच्या कार्यक्रमांत या तक्रारीचे आणखी एक कारण आहे, आणि परदेशी मार्गदर्शिकांत ते सापडत नाही. गायक काळी दोनमध्ये (डी-शार्पमध्ये) गाणार असेल, तर बेसवादक सोयीसाठी चारही तारा अर्धा सूर उतरवतो, म्हणजे खर्जातला षड्ज मोकळ्या ई तारेवर मिळतो. अर्धा सूर उतरवल्याने ताण आणखी ११ टक्के कमी होतो. आधीच ७८ वर आलेला ताण ६९ च्या आसपास जातो. कार्यक्रम संपला की तारा पुन्हा चढवल्या जातात, पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरवल्या जातात, आणि या चढउतारात नेकवरचा खेच सतत बदलत राहतो. अशा बेसचा सेटअप टिकावा कसा?

३० इंची बेसवर तारा उतरवू नयेत, असे मी सांगतो. काळी दोनचा षड्ज ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर आणि डी तारेच्या पहिल्या फ्रेटवर मिळतो, मंद्र पंचम त्याच ओळीत ई तारेच्या सहाव्या फ्रेटवर आहे, आणि शॉर्ट-स्केलवर सहाव्या फ्रेटपर्यंत हात नेणे मुळीच कष्टाचे नाही. ज्याला बहुतेक कार्यक्रम उतरवलेल्या पट्टीतच करायचे आहेत, त्याने बेस कायमचा त्या पट्टीत लावून त्यासाठीच सेटअप करून घ्यावा आणि ई तार १०५ ची ठेवावी.

नट, आणि नको असलेली जवारी

नवी तार बसली की ती एकदा पूर्ण सुरात आणून, हळूच ओढून ताणून, पुन्हा सुरात आणावी. नट आणि सॅडल यांच्या लगत, कंप पावणाऱ्या बाजूला, बोटाने तार हलकेच खाली दाबावी. जाड तार सॅडलवरून निघताना कमानीसारखी वर उचललेली राहते आणि तेवढ्याने सूर डळमळतो. या दाबण्याने ती सरळ होते.

मग मोकळी ई तार वाजवावी. खडखड फक्त मोकळ्या तारेवर येत असेल आणि पहिल्या फ्रेटवर बोट ठेवताच थांबत असेल, तर नेकला हात लावण्याचे कारण नाही. दोष नटमध्ये आहे. तपासण्याची रीत अशी: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरावी आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली फट उरते का ते उजेडाकडे धरून पाहावे. कागद सरकेल एवढी फट हवी. तार फ्रेटला टेकली असेल तर खाच खोल झाली आहे, आणि नट बदलावा लागेल.

खाच खोल नसतानाही मोकळी तार सतारीसारखी झणझणत असेल, तर खाचेचा तळ पाहावा. तो हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाच्या, दिशेने थोडा उतरता असावा लागतो, म्हणजे तार फ्रेटबोर्डाकडच्या काठावर एकाच ठिकाणी टेकते आणि तिथून स्वच्छ सुटते. तळ सपाट झाला किंवा उलटा उतरता झाला, तर तार खाचेच्या आत लोळते आणि टेकण्याची जागा सतत बदलत राहते. तानपुऱ्याच्या घोडीवर हाच परिणाम मुद्दाम साधला जातो: रुंद घोडीचा पृष्ठभाग अत्यंत बारीक उताराने घासून तार त्यावर अलगद लोळू दिली जाते, आणि त्यातून जवारी, म्हणजे तो गुंजणारा झणकार, निघते. तानपुऱ्याचा प्राण असलेली ही गोष्ट बेसवर मात्र स्वर बिघडवते.

हे काम मिरजेत उत्तम होऊ शकते. ज्या गावच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या तंतुवाद्यांच्या कारागिरांचे कान आणि कानस या दोषासाठी तयार आहेत. त्यांच्यापैकी एकाला मी बेस दाखवला तेव्हा त्याने ई तार एकदाच छेडली, नटजवळ कान नेला, तार बाजूला सारून खाचेत पेन्सिलचे शिसे घासले, तार परत बसवून थोडी हलवली आणि उचलली. खाचेत शिसे कुठे पुसले गेले आहे ते मला दाखवले. चकाकणारा डाग काठावर नव्हता, खाचेच्या मध्यावर होता. कानशीचे मोजके हलके हात मागच्या बाजूला पडले आणि झणझण गेली. वाद्य घेऊन जाताना नवी तार लावूनच न्यावे, आणि नटवर जवारी पूर्ण बंद हवी आहे, असे सांगावे. पुढचे त्यांना समजावावे लागत नाही. नट नवा करायचा असेल तर हाडाचा करून घ्यावा. खाच तारेहून किंचितच रुंद हवी. अरुंद खाचेत तार अडकते आणि खुंटी फिरवताना टिक् असा आवाज करून सूर एकदम उडी मारतो. फार रुंद असेल तर ती आडवी हलते.

नेक आणि ऋतू

खडखड पहिल्या ते पाचव्या फ्रेटवर असेल, तर आता नेक पाहावी. पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून ठेवणारा चिमटा) लावून किंवा बोट दाबून, दुसऱ्या हाताने तीच तार शेवटच्या फ्रेटवर दाबावी, आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या आसपास तारेखालची फट मोजावी. ०.३ ते ०.३५ मिलिमीटर फट योग्य आहे. साधारण जाडीचे व्हिजिटिंग कार्ड तार न उचलता जेमतेम सरकले पाहिजे. फट नसेल तर नेक सरळ किंवा मागे झुकलेली आहे आणि ट्रस रॉड सैल करावा लागेल. फट जास्त असेल तर तो घड्याळाच्या दिशेने आवळावा. एका वेळी आठवा हिस्सा वेढा, फार तर पाव वेढा फिरवावा, तारा पुन्हा सुरात आणाव्यात, आणि मगच मोजावे. रॉड जोर लावूनही फिरत नसेल तर तिथेच थांबून जाणकाराकडे जावे.

शॉर्ट-स्केलमध्ये या पायरीला विशेष महत्त्व आहे, कारण तारांचा खेच कमी असल्याने नेकला पुढे ओढणारे बळही कमी असते. फ्लॅटवाउंड काढून हलक्या राउंडवाउंड लावल्या की नेक मागे झुकू शकते आणि कालपर्यंत नीट वाजणारे फ्रेट आज खडखडू लागतात. म्हणूनच तारा ठरवण्यापूर्वी ट्रस रॉड फिरवणे निरर्थक आहे.

ऋतूंचा परिणामही खरा आहे. सांगलीत चैत्र-वैशाखातले कोरडे ऊन आणि आषाढ-श्रावणातली दमट हवा यांत लाकूड ओलावा सोडते आणि शोषते, त्यामुळे नेक सरकते. ती कोणत्या दिशेने सरकेल हे त्या लाकडाच्या रेषांवर आणि फ्रेटबोर्डावर अवलंबून असते, म्हणून ऐकीव नियमाने रॉड फिरवू नये. जून आणि फेब्रुवारीत एकदा फट मोजावी आणि आकडा वहीत लिहून ठेवावा. दोन वर्षांत आपल्या बेसचा स्वभाव कळतो. बेस पत्र्याच्या छपराखाली, बंद गाडीत किंवा ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नये.

ॲक्शन आणि इंटोनेशन

इथपर्यंत आल्यावर उरलेले काम थोडे असते. सतराव्या फ्रेटवर ई तारेची उंची सुमारे २.४ आणि जी तारेची २ मिलिमीटर ठेवून सुरुवात करावी. हात जड असेल तर ई तार थोडी आणखी वर घ्यावी. बाराव्या फ्रेटच्या पुढेच बझ असेल तर ॲक्शन कमी आहे. एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला आहे आणि तो बसवून किंवा घासून घ्यावा लागेल.

इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्युनरवर ताडून पाहावा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे न्यावे. जुन्या, मळलेल्या तारांवर हे काम करू नये, कारण असमान झिजलेली तार कोणत्याच जागी खरी उतरत नाही. काही स्वस्त बेसमध्ये दोन तारांना मिळून एकच सॅडल असते. तिथे ई तार अचूक लावून ए तारेत थोडी तडजोड करावी.

पिकअपही (तारेची कंपने टिपणारा चुंबकी भाग) या वेळी पाहून घ्यावा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबली असता ई तार आणि पिकअप यांत निदान तीन मिलिमीटर अंतर असावे. सैल तार रुंद डोलत असल्याने ती पिकअपला लवकर आपटते, आणि चुंबक फार जवळ असेल तर तो तारेला ओढून सूर डळमळीत करतो.

हात आणि ॲम्प्लिफायर

एवढे सर्व केल्यावरही ३० इंची बेसची ई तार ३४ इंचीइतकी घट्ट लागणार नाही, आणि ती तशी लागावी असा हट्ट धरू नये. ती हलक्या हाताने वाजवायची तार आहे. उजवा हात थोडा ब्रिजकडे सरकवला की तीच तार ताठ लागते आणि स्वराला धार येते. नेकच्या दिशेने सरकवला की स्वर पसरतो. डाव्या बोटांनी तार ताणून मींडसारखा सूर वळवणेही कमी ताणामुळे सोपे जाते. क्रीम या बँडमधला जॅक ब्रूस ईबी-३ वर जे सूर वळवत असे, ते याच मोकळेपणाच्या जोरावर. बझ जोरात वाजवतानाच येत असेल आणि हलक्या हाताने थांबत असेल, तर सेटअप पुन्हा उघडण्याऐवजी ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवून हात हलका करावा.

ॲम्प्लिफायरवर बेसचा नॉब पूर्ण फिरवण्याची सवय सोडावी. लहान कॉम्बोचा आठ इंची स्पीकर ४१ हर्ट्झचा मूळ सूर नीट काढू शकत नाही, त्यामुळे नॉब वाढवला की फक्त गदगद वाढते. शॉर्ट-स्केलच्या आवाजात खालचा भाग मुळातच भरपूर असतो; बेस थोडा कमी करून मिड वाढवला की गणपतीच्या मांडवातल्या गोंगाटातही सूर ओळखू येतो.

नवीन घेताना

दुकानात किंवा वापरलेला बेस घेताना हाच क्रम उलगडून पाहावा. कोणत्या तारा लावल्या आहेत आणि रेशमी धागा कुठे सुरू होतो ते आधी पाहावे. ई तारेचे सॅडल मागच्या टोकाला पोहोचले असेल तर पुढे जाड तारेला जागा नाही, हे समजावे. ट्रस रॉडचा नट आधीच पूर्ण आवळलेला असेल तर तो बेस घेऊ नये. पट्टा अडकवून दोन्ही हात सोडून उभे राहावे. हलक्या बॉडीच्या शॉर्ट-स्केल बेसची मान खाली पडते, आणि आतून खरखरीत चामड्याचा रुंद पट्टा लावूनही ती थांबत नसेल तर डाव्या हाताला कायमचा भार होतो. आवाज मोठा करून ई तारेचे पहिले पाच फ्रेट एकेक वाजवावेत.

ज्या वादकाला ई तारेच्याही खाली, डीपर्यंत जायचे आहे किंवा जोरकस स्लॅप वाजवायचे आहे, त्याने ३२ इंची मिडियम-स्केल हातात घेऊन पाहावा. नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर तिथे सुमारे १६८ मिलिमीटर भरते, म्हणजे हाताची निम्मी सोय शिल्लक राहते आणि तारेचा ताण ८९ वर टिकतो.